भिंतीकडची बाजू

मैदा खायचा असतो हे मला बरंच उशिरा कळलं. आमच्या शहाडच्या खोलीत मैद्याचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर, रॉकेलच्या बाटलीशेजारी असायचा. तो खाली उतरला की समजायचं, उद्या कुठंतरी मोर्चा आहे, नाहीतर सभा आहे, नाहीतर जयंतीची पत्रकं लागायची आहेत. बाबा जर्मनच्या एका काळ्याठिक्कर पातेल्यात कागद चिकटवायची खळ शिजवायचे. आधी थंड पाण्यात मैदा कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, मग मंद आचेवर ढवळत राहायचं. खळ शिजत आली की तिला बिनसाखरेच्या खिरीसारखा वास येतो आणि ती फटफट असा आवाज करत वर उडते. शेवटी कागदाच्या पुडीतून मोरचूदाचे निळे खडे कुटून टाकायचे. मोरचूद विषारी. ते घातलं की भिंतीवरच्या कागदाला झुरळ लागत नाही, उंदीर लागत नाही. ती पुडी बाबा कुठं ठेवायचे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, कारण मी रांगत होते तेव्हा ती एकदा माझ्या हाताला लागलेली आणि आईनं त्या दिवशी सगळी चाळ डोक्यावर घेतलेली. दिवाळीत शेजारच्या काकूंनी शंकरपाळी दिली आणि ती मैद्याची आहेत असं सांगितलं, तेव्हा मी खरंच घाबरून बाबांकडे बघितलं होतं.

माझं नाव मित्रा, आणि तिशीत आत्मचरित्र लिहायला बसलीय म्हणून आमच्या गटातली पोरं मला हसतात. हसू द्या. करोनाचे ते दोन उन्हाळे ज्यांनी रस्त्यावर काढले त्यांचं तारुण्य तिथंच संपलं, आणि माझं कधी आणि कसं संपलं ते मला नीट आठवतंय तोवर लिहून ठेवलेलं बरं. पत्रकं लिहून हात बनलाय माझा. एका पानात सांगायचं, मोठ्या अक्षरात सांगायचं, ही सवय. त्यामुळे इथं पाल्हाळ लावते आहे तो मुद्दाम. ती खोली, तो खळीचा वास, पहाटे नळाला पाणी यायच्या आधी पाइपातून येणारा तो सुस्कारा, मालगाडीच्या डब्यांची ठोकाठोक, रविवारी विहारातून येणारी वंदना आणि तिच्यात मिसळलेलं शेजारचं शिलाई मशीन, हे पत्रकात कधी बसलं नाही.

बाबा डाइंगच्या कंपनीत होते, ती बंद पडेपर्यंत. चळवळीत होते, पण स्टेजवर कधी चढले नाहीत. त्यांचं काम भिंतीचं. बोलणारे बदलले, झेंडे बदलले, काही पुढारी तर ज्यांच्याविरुद्ध बोलायचे त्यांच्याच गाडीत जाऊन बसले, पण शहाडच्या पुलाखालची भिंत बाबांचीच राहिली. कागद कसा धरायचा, खळ कडेपर्यंत कशी ओढायची, वरून ओला बोळा कसा फिरवायचा म्हणजे बुडबुडा राहत नाही, हे त्यांच्याकडून शिकावं. आणि त्यांचा एक कायदा होता: जे लावलं ते पाळायचं. एकदा तंबाखूविरोधाचं पत्रक लावून घरी आले आणि स्वतःची चुन्याची डबी गटारात टाकली. आई तेव्हापासून म्हणायची, "ह्या माणसाला सुधारायचं तर भांडून उपयोग नाही, पत्रक छापायला पाहिजे." एकदा तिनं मला खरंच विचारलेलं, की बायकांनी भरलेला हंडा पुरुषांनी उचलावा असं काही तुमच्या गटाला छापता येईल का.

पाण्याचा मोर्चा निघाला तेव्हा मी आठवीत होते. आमच्या नळाला पाणी येणं बंद झालेलं आणि टँकरवाल्यांची चंगळ चाललेली. कुणाची चंगळ आणि कुणाच्या आशीर्वादानं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांनी मला घरी बसायला सांगितलं होतं. मी हंडा घेतला आणि बायकांच्या रांगेत मागून घुसले. कचेरीसमोर दुपारभर उन्हात बसलो. शेवटी साहेब बाहेर आले, व्हॉल्व्ह उघडायला माणूस पाठवतो म्हणाले, आणि तो माणूस आमच्या डोळ्यांदेखत सायकलवर निघालासुद्धा. जिंकलो होतो. पण पुढची पोरं थांबेनात. त्यांच्या अंगात मोर्चा शिरलेला. खिडकीची काच गेली, कुंड्या गेल्या, मग कुणीतरी आवारातल्या नळाच्या खांबालाच दगड घालायला लागलं. तेव्हा जन्मात भाषण न केलेले माझे बाबा एका हातगाडीवर चढले. आवाज चिरका लागला, पण पोचला. म्हणाले, "पाणी सुटलंय. आता फोडाल तो आपलाच नळ. चला, घरी जा, भाकरी खा." इतकंच. पोरं एकमेकांकडे बघत खाली बसली, मग पांगली. त्या रात्री आईनं सुकट परतलेली, तांदळाची भाकरी, चुलीवर भाजलेला कांदा. बाबा खाली मान घालून जेवत होते. मी तिथं होते हे त्यांना मी सांगितलं नाही. मोर्चा काढणारे मी पुढं पुष्कळ बघितले. विसर्जित करणारा एवढाच बघितला.

मोठी झाल्यावर मी आरोग्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्या एका छोट्या गटात गेले. आमचं भांडण तापाशी कमी आणि तापावर धंदा करणाऱ्यांशी जास्त. आमच्या भागात दोन दिवसांच्या सर्दीतापाला सलाईन लावायची आणि वर एक "ताकदीचं इंजेक्शन" द्यायची पद्धत. त्या ताकदीच्या इंजेक्शनात बहुतेक वेळा स्टिरॉइड. नाव कुणी सांगत नाही, कुणी विचारत नाही. ताप झटकन उतरतो, माणूस कामावर जातो, डॉक्टरचं नाव होतं. करोना आल्यावर तर हा धंदा उघड्यावर आला. मोबाइलवर औषधांची नावं फिरायला लागली, लोक मेडिकलमधून गोळ्यांची पाकिटं उचलायला लागले. दुसरीकडे काढेवाले, चूर्णवाले, "इम्युनिटी वाढवा"वाले. जणू रोगप्रतिकारशक्ती म्हणजे गॅसचा सिलिंडर, संपला की भरून आणायचा! मला अजून संताप येतो. ज्या माणसाला नळाला पाणी नाही, दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण झोपतात, त्याला तुम्ही सांगता, बाबा रे, इम्युनिटी वाढव.

तर आम्ही ठरवलं, शरीर आपलं आपण कसं लढतं हेच लोकांना सांगायचं. सांगणारा होता नीलेश. हा कोलशेतचा, जुन्या मिठागरवाल्या घरातला, मायक्रोबायॉलॉजी शिकलेला, आणि शिकूनही गावची बोली न सोडलेला. पहिली लाट ओसरलेली, लोकांनी मास्क हनुवटीवर घ्यायला सुरुवात केलेली, अशा एका संध्याकाळी तो आमच्या खोलीत आला. बाबा दुसऱ्याच कुठल्यातरी पत्रकासाठी खळ ढवळत होते. नीलेश दारातल्या पाटावर बसून मला समजावत होता आणि बाबा पाठमोरे ऐकत होते.

तो सांगत होता की विषाणू नाकातून घशात उतरतो, जमलं तर फुप्फुसापर्यंत जातो, आणि आपल्याच पेशीत शिरून तिचा कारखाना करतो, स्वतःसारखे हजारो काढायला. पण फुप्फुसात कायमच्या राखणीला मोठ्या भक्षक पेशी असतात. त्या समोर येईल ते गिळतात आणि बोंब मारतात. ती बोंब म्हणजे रसायनं. ती रक्तात पोचली की बाकीच्या पांढऱ्या पेशी धावत येतात, अंग तापतं, दुखतं. म्हणजे ताप हा रोग नव्हे, हाकाटी आहे. मग काही दिवसांनी टी पेशी येतात. त्यांचं काम मोठं हुशारीचं. ज्या घरात विषाणू शिरलाय नेमकं ते घर ओळखून पाडायचं, शेजारच्याला हात लावायचा नाही. बी पेशी अँटिबॉडी तयार करतात, त्या बाहेर फिरणाऱ्या विषाणूला चिकटून त्याला दारातच अडवतात. आणि सगळं निपटल्यावर यातल्या काही पेशी आठवण धरून बसतात, पुढच्या वेळेसाठी.

"म्हणजे मोर्चाच की," बाबा पळी न थांबवता म्हणाले. "आधी गल्लीतली माणसं, मग नाक्यावरची, मग ट्रकनं बाहेरगावची. आणि आठवण ठेवणारे म्हातारे."

नीलेश खूश. त्यानं विचारलं, की मग काका, पहिल्या-दुसऱ्या दिवशीच स्टिरॉइड दिलं तर काय होईल? स्टिरॉइड पेशींना गप्प करतं. विषाणू तर अजून वाढतोय. बाबांनी पळी पातेल्याच्या कडेवर आपटली. "माणसं जमायच्या आधीच जमावबंदी," ते म्हणाले. मी उडालेच. तोच आमचा मथळा झाला. "आपल्याच पेशींवर जमावबंदी नको! इंजेक्शनचं नाव विचारा."

तेवढ्यात नळाला पाणी आलं. आईनं खालून हाक मारली आणि बाबा पळी माझ्या हातात देऊन हंडे घेऊन गेले. आईचं पत्रक तोवर कुणी छापलं नव्हतं, पण तिची हाक छापल्यासारखीच होती. पुढचं बोलणं बाबांच्या पाठीमागं झालं. मी नीलेशला म्हटलं, झालं, एवढंच छापू, ठसठशीत आहे. तो गंभीर झाला.

"नाय गो मित्रा. अर्धाच सांगशील त लोक मरतील."

मग त्यानं दुसरं अर्धं सांगितलं. काही माणसांत दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास उलटंच होतं. विषाणू ओसरायला लागलेला असतो, पण पेशी थांबत नाहीत. बोंब चालूच, नवीन पेशी येतच राहतात, आणि फुप्फुसातले हवेचे इवले फुगे त्यांच्या दंग्यानं सुजतात, पाण्यानं भरतात. ऑक्सिजन उतरतो, धाप लागते. तेव्हा जीव घेत असतात ती आपलीच माणसं. आणि तेव्हा, रुग्णालयात, डॉक्टरच्या हातून, तेच स्टिरॉइड जीव वाचवतं. औषध एकच, वेळ वेगळी. मी खळ ढवळत होते. ढवळता ढवळता मला हातगाडी दिसली, उन्हातली, आणि तिच्यावरचा चिरका आवाज. मागच्या बाजूचा मथळा मला शोधावा लागला नाही. "पाणी सुटलंय. आता फोडाल तो आपलाच नळ." त्याखाली साध्या भाषेत: धाप लागली, ऑक्सिजन कमी झाला, तर घरी थांबू नका, रुग्णालयात जा, तिथं डॉक्टर स्टिरॉइड देतील तर नाही म्हणू नका.

पत्रक कल्याणच्या नेहमीच्या छापखान्यात पाठपोट छापून आलं. मी एक गठ्ठा घरी आणून ठेवला आणि वाट बघत बसले, बाबा मागचं वाचून काहीतरी बोलतील. बोलले नाहीत. पुढचा मथळा मात्र चाळीत सगळ्यांना ऐकवत होते, तो त्यांचा स्वतःचा होता ना. मला थोडं लागलं. वाटलं, विसरले असतील, त्यांच्या दृष्टीनं काय एवढं मोठं बोलले होते ते.

मग दुसरी लाट आली आणि सगळं फार भराभर झालं. आमच्या गटानं दिवा स्टेशनाजवळ एका बिल्डिंगीत तळमजल्यावर स्वयंपाकघर काढलेलं, बंद घरांना डबे पोचवायला. घरी रोग न्यायला नको म्हणून मी तिथंच राहायला गेलेले. खिचडी, बटाट्याची भाजी, परत खिचडी. पाण्याचे वांदे तिकडंही तेच, म्हणून तांदूळ धुतलेल्या पाण्यात आम्ही भांडी विसळायचो. आईला त्याआधीच होऊन गेलेला, साधा ताप आणि चव जाणं. तिच्या पेशींनी मुकाट्यानं काम उरकलं. ती म्हणते, "मला पडून राहायला वेळच कुठं होता." बाबा त्या दिवसांत भल्या सकाळी एकटेच बादली घेऊन बाहेर पडायचे. पत्रक हातोहात वाटायचं असतं, पण तेव्हा कोण कुणाच्या हातातून कागद घेणार? लोक दुधाची पिशवीसुद्धा धुऊन घेत होते. मग बाबांनी त्यांना येत होतं ते केलं. पत्रकं भिंतीला लावली. नळाची भिंत, पुलाखाली, रेशन दुकानाशेजारी, विहाराचं कुंपण, आणि त्या ताकदीच्या इंजेक्शनवाल्या दवाखान्याच्या अगदी समोर. फोनवर मला सांगायचे, आज अमुक भिंत झाली. मी म्हणायचे, शाब्बास बाबा. दोन बाजूंचा कागद भिंतीला लावला तर काय होतं हे मला दिव्यात खिचडीच्या मोठ्या टोपापुढं सुचलं नाही, आणि भिंत काही बोलत नाही.

बाबांना ताप आला तो त्यांनी अभिमानानं अंगावर काढला. त्या इंजेक्शनवाल्या दवाखान्यात गेले नाहीत, ते बरंच केलं. पण आठवड्यानं धाप लागली. नीलेशनं रिक्षा, खाट, सगळं धावपळ करून जमवलं आणि कल्याणच्या एका हॉलमध्ये उभारलेल्या वॉर्डात त्यांना दाखल केलं. मी दिव्याहून तडक घरी आले. वॉर्डात जायला बंदी होती. सिस्टर दिवसातून एकदा मोबाइल धरून चेहरा दाखवायची.

त्या दिवशी दुपारी फोन आला तो डॉक्टरबाईंचा. माझ्याच वयाच्या असाव्यात, आवाज झोपेनं जड. म्हणाल्या, की तुमच्या वडिलांचा ऑक्सिजन उतरत चाललाय, स्टिरॉइड सुरू करायचंय, आणि ते हात देत नाहीत. आधी त्यांनी इंजेक्शनचं नाव विचारलं, मग डॉक्टरबाईंनाच भाषण दिलं. मला त्या परिस्थितीतही एक क्षण अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. आई शेजारी उभी होती, तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघून गॅस बंद केला. बाईंनी फोन बाबांपुढं धरला. मास्क, त्यावर डोळे.

"मित्रा. नाव विचारलं मी. तेच आहे."

"घ्या ते बाबा. आता घ्यायची वेळ आहे."

"मीच लावलंय. नको म्हणून."

मी सांगितलं, की मागच्या बाजूला लिहिलंय ना, धाप लागली की घ्यायचं म्हणून. मागचं वाचलं नाहीत का? मास्कच्या आत ते हसले असावेत, डोळे बारीक झाले.

"मागं नेहमीचंच असतंय. सभासद व्हा. देणगी द्या." दम घेतला. "मागं काय आहे ते भिंतीला ठाऊक."

मला एकदम सगळं दिसलं. शहाडभर लागलेली पत्रकं, सगळ्यांचं तोंड बाहेर आणि आमची अर्धी गोष्ट खळीनं भिंतीला घट्ट बसवलेली. मी घाईघाईनं पेशी, फुप्फुस, दुसरा आठवडा, सगळं बोलत सुटले. त्यांनी हात वर केला, मोर्च्यात थांबा म्हणून करतात तसा.

"तुझं खरं असंल. पण लोकांनी पुढचं वाचलंय. त्यांच्यात पण कुणाला धाप लागली असंल. ते म्हणत असतील, नको." पुन्हा दम. "आणि मी इथं गुपचूप घेऊ? आधी भिंत नीट कर. मग हात देतो."

मी रडले, ओरडले, शेवटी धमकी दिली, की आईला फोन देते. ते ढिम्म. डॉक्टरबाईंनी फोन परत घेतला आणि विचारलं, की हे नेहमीच असे आहेत का. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "काय करायचं ते लवकर करा. मी समजावत राहते. पण त्यांच्याकडे फार वेळ नाहीये."

मी फोन ठेवला तेव्हा आईनं पातेलं काढलेलं होतं. माझ्या जन्मात तिनं त्या पातेल्याला हात लावलेला मी बघितला नव्हता. जेवणाच्या भांड्यांत ते मिसळू नये म्हणून तिनं पंचवीस वर्षं पहारा केलेला. तिनं वरच्या फळीवरून मैदा ओढला, पाण्यात कालवला, गुठळी मोडली आणि अशी ढवळायला लागली, जसं काही रोजचंच काम. मी मोरचूद शोधायला लागले. "ते राहू दे," आई म्हणाली. "त्याची पुडी कुठं असते ते त्या बाबालाच माहीत." खाटेखालचा उरलेला गठ्ठा मी बाहेर ओढला. सगळ्यात वर पुढची बाजू. बाबांनी तो तसाच उचलला असणार, तसाच उलटा करून, पहाटेच्या अंधारात न वाचता खळ लावली असणार. मी पूर्ण गठ्ठा पालथा केला.

रणरणत्या उन्हात आम्ही दोघी निघालो, मी गठ्ठा घेऊन आणि आई बादली घेऊन. रस्ते मोकळे, दुकानं अर्धी ओढलेली, कुत्रीसुद्धा सावलीला. जिथं जिथं बाबांचं पत्रक दिसलं तिथं त्याला लागून, खेटून, मागची बाजू लावायची. बाबांचे कागद इतके सफाईदार बसलेले की हेवा वाटावा. आमचे वाकडे, सुरकुतलेले. पुलाखाली पोलिसानं हटकलं. आई थांबलीसुद्धा नाही. "नवरा दवाखान्यात आहे," ती भिंतीवर बोळा फिरवत म्हणाली, "त्याची अर्धी भिंत राहिलीय." तो बिचारा बाजूला झाला आणि उभा राहून मागची बाजू वाचायला लागला. इंजेक्शनवाल्या दवाखान्यासमोर आईनं एकाच्या जागी तीन लावले.

नळाची भिंत शेवटी ठेवलेली. तिथून मी फोन लावला. सिस्टरनं उचलला, डॉक्टरबाईंना बोलावलं, बाबांपुढं धरला. त्यांचे डोळे मगापेक्षा खोल गेलेले. मी कॅमेरा फिरवला. आधी त्यांचं पत्रक, मग शेजारचं, अजून ओलं, खळ ओघळत असलेलं. आई बाजूला पदरानं हात पुसत उभी.

ते वाचायला लागले. मोठ्यानं, एकेक शब्द, मध्ये मध्ये मास्कमधून श्वास ओढत. "पाणी... सुटलंय." थांबले. मला वाटलं दम संपला. "आता... फोडाल... तो आपलाच नळ."

नुसता ऑक्सिजनचा आवाज, आपल्या नळाला पाणी यायच्या आधी येतो तसा.

"हे कुणी लिहिलं?"

"तुम्ही बोललेलात. मी फक्त छापलं."

"तू कुठं होतीस तेव्हा?"

"तुमच्यामागंच. हंडा घेऊन."

त्यांनी डोळे मिटले. मी घाबरले. मग फोनमध्ये त्यांचा हात दिसला, कोपरापासून सरळ, डॉक्टरबाईंच्या दिशेनं पुढं केलेला.

"सांगा पोरांना," ते त्यांना म्हणाले, "घरी जा म्हणावं. भाकरी खा."

डॉक्टरबाईंना त्यातलं काही कळलं नसणार. पण त्या बरं काका म्हणाल्या.

बाबा घरी आले ते बऱ्याच दिवसांनी, अर्धे होऊन. जिना चढताना मध्ये बसावं लागायचं. आईनं सुकट परतली आणि ती तिखट झाली म्हणून त्यांनी कुरकुर केली, तेव्हा आम्ही ओळखलं की माणूस परत आला. सगळ्यांचे आले नाहीत. आमच्याच चाळीतून गेलेले आहेत, आणि त्यातल्या कुणी पुढची बाजू वाचून हात आखडता घेतला होता का, हे मला माहीत नाही, बाबांनाही नाही. त्यांनी तो प्रश्न कधी मोठ्यानं विचारला नाही. त्याऐवजी त्यांनी एक काम धरलं.

झालं असं, की आईच्या खळीत मोरचूद नव्हतं. पहिला पावसाळा संपेपर्यंत आमची मागची बाजू झुरळांनी आणि उंदरांनी सगळ्या भिंतींवरून खाऊन टाकली. बाबांची पुढची बाजू मात्र जशीच्या तशी. रंग उडाला, कोपरा हलला नाही. "तुझ्या आईची खळ," बाबा म्हणतात. आई म्हणते, त्या खळीनं तुमचा जीव वाचला, तोंड सांभाळून बोला. तेव्हापासून दर थंडीच्या तोंडाला मैद्याचा डबा खाली उतरतो. आता ढवळते आई, कारण वाफेनं बाबांना खोकला येतो. मोरचूद मात्र ते स्वतः टाकतात, आणि पुडी अजून आमच्यापासून लपवतात. मग काठी टेकत, थांबत, बसत ते दर खेपेला एकेका जुन्या भिंतीपर्यंत जातात आणि मागच्या बाजूचा एक कागद लावून येतात. गेल्या खेपेला नळाच्या भिंतीची पाळी होती, मी बादली धरायला गेलेले. चाळीतला एक नवीन भाडेकरू हंडा भरत होता. त्यानं विचारलं, की काका, करोना तर कधीच गेला, आता हे कशाला लावताय?

बाबांनी ओला बोळा वरून खालपर्यंत फिरवला, एकही बुडबुडा राहिला नाही याची खात्री केली, आणि शेजारच्या आपल्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या कागदाकडे बोट केलं.

"ते अजून आहे ना भिंतीवर?" ते म्हणाले. "मग हे पण पाहिजे."